इंटर्नशिपच्या अर्जात आपले गुण कसे लिहावेत

ठाणे–बेलापूर रस्त्यावरच्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत इंटर्नशिपसाठी आलेले अर्ज पहिल्या फेरीत वाचण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. सेमिस्टर संपत आले की ऐरोली, घणसोली, नेरूळ, खारघर, पनवेल, तसेच ठाणे, कळवा, डोंबिवली आणि कल्याण या भागांतल्या महाविद्यालयांतून अर्ज येऊ लागतात, आणि त्यांतल्या बऱ्याच अर्जांमध्ये गुणांचा आकडा चुकलेला असतो. जाणूनबुजून खोटे लिहिणारे विद्यार्थी त्यांत फार थोडे असतात. बहुतेकांचा आकडा चुकतो तो घाईमुळे, मित्राकडून ऐकलेल्या सूत्रामुळे किंवा कटऑफच्या धास्तीमुळे. मात्र अर्ज वाचणाऱ्यासमोर तुमचा हेतू नसतो. त्याच्यासमोर अर्जातला आकडा असतो आणि पुढे कधीतरी गुणपत्रिकेवरचा आकडा येतो. या दोन आकड्यांत फरक का पडतो आणि तो पडू नये म्हणून काय करायचे, हे पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी येथे क्रमाने सांगत आहे.

पूर्ण लेखात मी एकच कसोटी वापरली आहे. तुमची मूळ गुणपत्रिका हातात असलेल्या अनोळखी माणसाने तुमचा अर्ज वाचला, तर अर्जातला प्रत्येक आकडा त्याला गुणपत्रिकेवर बोट ठेवून दाखवता आला पाहिजे. जो आकडा असा दाखवता येत नाही, तो एक तर अर्जात नसावा, किंवा तो कसा काढला हे त्याच्या शेजारीच लिहिलेले असावे.

पहिली पायरी: कागद समोर घेऊन बसा

ठाणे–वाशी लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर फॉर्म भरणारी मुले मी रोज पाहतो. मुदत संपत आलेली असते, नेटवर्क मध्येच जाते आणि ‘सीजीपीए’ (आतापर्यंतच्या सर्व सेमिस्टरचे सरासरी श्रेणीगुण) या रकान्यात आठवेल तो आकडा टाकला जातो. ही सवय मोडा. अर्ज भरण्यापूर्वी दहावीची गुणपत्रिका, बारावीची किंवा पदविकेची गुणपत्रिका आणि आतापर्यंतच्या प्रत्येक सेमिस्टरचे ग्रेड कार्ड एका फोल्डरमध्ये स्कॅन करून ठेवा. राज्य मंडळाच्या गुणपत्रिका डिजिलॉकरवरही मिळतात. ज्यांच्या विद्यापीठाने राष्ट्रीय शैक्षणिक भांडारात निकाल चढवले आहेत, त्यांना सेमिस्टरच्या गुणपत्रिकाही तेथून उतरवून घेता येतात. त्यानंतर साध्या कागदावर प्रत्येक परीक्षेचे नाव, वर्ष, मिळालेले गुण आणि एकूण गुण किंवा श्रेणीगुण उतरवून घ्या. पुढचे सगळे अर्ज या एका कागदावरून भरायचे, आठवणीतून नाही.

दहावीच्या बाबतीत स्वतः गणित करू नका. राज्य मंडळ सर्वोत्तम पाच विषयांवरून ५०० पैकी टक्केवारी काढते, आणि चित्रकला, क्रीडा किंवा लोककलेचे वाढीव गुण मिळाले असतील तर तेही तिच्यात धरलेले असतात. गुणपत्रिकेवर छापलेली टक्केवारी जशीच्या तशी लिहावी. बारावीत मात्र विज्ञान शाखेची मुले एक चूक वारंवार करतात. फॉर्ममध्ये ‘बारावीची टक्केवारी’ विचारलेली असते आणि तिथे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित या तीनच विषयांची टक्केवारी भरली जाते, कारण प्रवेशाच्या वेळी घरीदारी सगळीकडे तिचीच चर्चा झालेली असते. एकूण ६०० पैकी ४०८ गुण असतील, तर बारावीची टक्केवारी ६८ होते. तीन विषयांत ३०० पैकी २२८ मिळाल्याने येणारे ७६ टक्के ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती लिहायचीच असेल तर तिच्यापुढे ‘फक्त पीसीएम’ असे शब्द हवेत.

पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनी बारावीचा रकाना रिकामा ठेवून पदविकेचा रकाना भरावा, आणि ती टक्केवारी अंतिम वर्षाची आहे की संपूर्ण पदविकेची, हे तिथेच लिहावे. तुमचा पदवीचा सीजीपीए तिसऱ्या सेमिस्टरपासून सुरू होतो, हेही वाचणाऱ्याला कळू द्या. नाहीतर पहिल्या दोन सेमिस्टरचे निकाल दडवले आहेत की काय, अशी शंका विनाकारण निर्माण होते.

दुसरी पायरी: पॉइंटर म्हणजे नेमका कोणता आकडा

आपल्याकडे ‘पॉइंटर किती?’ असा प्रश्न सर्रास विचारला जातो आणि त्याचे उत्तर प्रत्येक जण आपल्या सोयीने देतो. एका सेमिस्टरचा असतो तो एसजीपीए. मुंबई विद्यापीठाच्या अनेक ग्रेड कार्डांवर त्यालाच एसजीपीआय म्हटलेले असते. आतापर्यंतच्या सर्व सेमिस्टरचा मिळून निघतो तो सीजीपीए किंवा सीजीपीआय. अर्जात काहीही खुलासा न करता ‘पॉइंटर’ विचारला असेल, तर तो सीजीपीएच समजावा. शेवटच्या सेमिस्टरचा चांगला आकडा सीजीपीए म्हणून लिहिणे ही माझ्यासमोर येणाऱ्या अर्जांतली सर्वांत नेहमीची चूक आहे.

सीजीपीए कसा निघतो हे प्रत्येकाने एकदा तरी स्वतः करून पाहावे. प्रत्येक विषयाचे श्रेणीगुण त्या विषयाच्या क्रेडिटने, म्हणजे अभ्यासक्रमात त्या विषयाला दिलेल्या भाराने, गुणायचे, सगळ्या गुणाकारांची बेरीज करायची आणि तिला एकूण क्रेडिटने भागायचे. समजा, एका विद्यार्थ्याची पहिली तीन सेमिस्टर प्रत्येकी २२ क्रेडिटची आणि चौथे २० क्रेडिटचे आहे, आणि त्याचे एसजीपीए अनुक्रमे ६.१८, ६.६४, ७.४१ आणि ७.९० आहेत. त्याचे गुणाकार अनुक्रमे १३६, १४६, १६३ आणि १५८ असे होतात. त्यांची बेरीज ६०३, एकूण क्रेडिट ८६, म्हणून सीजीपीए ७.०१. चार आकड्यांची नुसती सरासरी काढली असती तर ७.०३ आले असते. फरक दोन शतांशाचा आहे, पण ग्रेड कार्डवर ७.०१ छापलेले असताना अर्जात ७.०३ दिसले, की वाचणारा थांबतो आणि बाकीचे आकडेही पुन्हा तपासू लागतो. ग्रेड कार्डवर सीजीपीए छापलेला असेल तर तोच लिहावा. छापलेला नसेल तर वरच्या पद्धतीने काढावा आणि ‘चार सेमिस्टरच्या क्रेडिटनुसार स्वतः काढलेला’ एवढे शब्द जोडावेत.

आकड्यासोबत तो कितीपैकी आहे आणि कोणत्या सेमिस्टरअखेरचा आहे, हे दोन्ही लिहायला हवे. ‘सीजीपीए ७.०१’ एवढेच न लिहिता ‘सीजीपीए ७.०१/१०, चौथ्या सेमिस्टरअखेर’ असे लिहावे. विद्यापीठाचे आणि अभ्यासक्रमाचे नावही जवळच असावे, कारण श्रेणीचा अर्थ अभ्यासक्रमागणिक बदलतो. मुंबई विद्यापीठाच्या दहा गुणांच्या श्रेणीपद्धतीत कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांमध्ये ६० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान गुण मिळवणाऱ्याला ‘ए’ श्रेणी आणि ८ श्रेणीगुण मिळत असत, तर २०१६ च्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमात तेवढ्याच गुणांना ‘सी’ श्रेणी आणि ७ श्रेणीगुण मिळत असत. म्हणजे एकाच विद्यापीठातल्या बीएस्सी आयटीच्या आणि संगणक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे पॉइंटर शेजारी ठेवून तुलना करणेच चुकीचे ठरते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी या गोष्टीने खचून जाऊ नये आणि त्यावर उपाय म्हणून आपला आकडा वाढवूनही लिहू नये. ज्याला हा फरक ठाऊक आहे तो अभ्यासक्रमाचे नाव पाहूनच आकडा वाचतो.

टक्केवारीत रूपांतर: इथे मी स्वतः चुकलो होतो

अनेक कंपन्यांचे फॉर्म अजूनही टक्केवारीच मागतात, आणि मग सीजीपीएला ९.५ ने गुणण्याची प्रथा पडली आहे. हे ९.५ आले कुठून? सीबीएसईने दहावीला श्रेणीपद्धत आणली तेव्हा आपल्या दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी हा गुणक दिला होता. त्याचा अभियांत्रिकीच्या किंवा बीकॉमच्या पदवीशी काहीही संबंध नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्यात ६.२५ ला ५५ टक्के, ६.७५ ला ६० टक्के, ७.२५ ला ६५ टक्के असा हिशेब आहे, म्हणजे सीजीपीएमधून ०.७५ वजा करून दहाने गुणायचे. आता ६.५ सीजीपीए घ्या. ९.५ ने गुणल्यास ६१.७५ टक्के होतात, परिषदेच्या हिशेबाने ५७.५ होतात. बऱ्याच कंपन्यांचा कटऑफ नेमका याच दोन आकड्यांच्या मध्ये, ६० वर असतो, आणि त्यामुळे चुकीचे सूत्र अजाणता वापरले तरी त्याचा परिणाम खोटा आकडा भरण्यासारखाच होतो.

मी विद्यार्थी असताना एका सीनियरने सांगितले म्हणून ९.५ चे सूत्र वापरून अर्ज केला होता. निवड झाली, आणि रुजू होण्याच्या दिवशी मूळ कागद तपासणाऱ्या बाईंनी माझ्या विद्यापीठाच्या सूत्राने टक्केवारी काढली, ती चारहून अधिक टक्क्यांनी कमी भरली. मला बाजूला बसवून लेखी खुलासा मागितला गेला. खुलासा स्वीकारला गेला, पण पुढचे सहा महिने माझ्या प्रत्येक आकडेमोडीकडे माझे वरिष्ठ दोनदा पाहत होते, आणि त्यांचे चुकले असे मला आजही वाटत नाही. ते सूत्र कोणाचे आहे हे विचारायला मला पाच मिनिटे लागली असती.

म्हणून आपल्या विद्यापीठाचे, आपल्या अभ्यासक्रमाचे आणि आपल्या प्रवेशवर्षाच्या नियमावलीचे सूत्र शोधा. पुष्कळदा ते ग्रेड कार्डच्या मागच्या बाजूलाच छापलेले असते. तिथे नसेल तर महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात विचारा. टक्केवारी लिहिताना शेजारी मूळ सीजीपीए आणि ‘विद्यापीठाच्या सूत्रानुसार’ असे शब्द लिहा. फॉर्ममध्ये एकाच आकड्यापुरती जागा असेल, तर तेथे सूत्राने आलेली टक्केवारी भरा आणि सोबतच्या रेझ्युमेमध्ये दोन्ही आकडे द्या.

कटऑफच्या उंबरठ्यावर

सीजीपीए ६.९४ आहे आणि जाहिरातीत ‘किमान ७’ लिहिले आहे. अशा वेळी ७ लिहिणे हे पूर्णांक करणे आहे की खोटे बोलणे, असा प्रश्न मला दरवर्षी कोणीतरी विचारते. माझे उत्तर ठाम आहे. एरवी शेवटचा अंक गाळला किंवा वर नेला तर कोणाचे काही बिघडत नाही, पण ज्या ठिकाणी त्या एका अंकामुळे तुम्ही रेषेच्या आतले की बाहेरचे हे ठरते, त्या ठिकाणी तो अंक वर नेणे म्हणजे रेषा ओलांडल्याचा दावा करणे. ग्रेड कार्डवर दशांशानंतर जितके अंक आहेत तितकेच लिहा. फॉर्म एकच अंक घेत असेल तर पुढचा अंक नुसता गाळा: ६.९४ चे ६.९, आणि ६.९८ चेही ६.९. अभिप्रायाचा रकाना असेल तर त्यात पूर्ण आकडा द्या. ‘६ ते ७’ आणि ‘७ ते ८’ असे पर्याय दिलेले असतील, तर तुमचा पर्याय पहिलाच आहे.

याचा अर्थ अर्जच करू नये असा होत नाही. कटऑफ ठेवला जातो तो मुख्यतः शेकडो अर्ज थोड्या वेळात चाळता यावेत म्हणून, आणि विभागप्रमुखाला एखाद्या विद्यार्थ्यात खरोखर रस वाटला तर काही ठिकाणी तो शिथिल केला जातो. जाहिरातीत दिलेल्या पत्त्यावर आधी एक छोटा ई-मेल पाठवा. त्यात आपला खरा आकडा पहिल्याच वाक्यात असावा, जाहिरातीतल्या कामाशी संबंधित एखादा पूर्ण केलेला प्रकल्प दुसऱ्या वाक्यात असावा, आणि अर्ज करण्यास परवानगी आहे का, असा सरळ प्रश्न तिसऱ्यात असावा. उत्तर आले नाही तर पुढे जा. महापे, रबाळे, वागळे इस्टेट आणि तळोजा या औद्योगिक वसाहतींतल्या पुष्कळ लहान कंपन्या कटऑफ ठेवतच नाहीत. त्यांना महिनाभरात कामाला हातभार लावणारा मुलगा किंवा मुलगी हवी असते, आणि अशा ठिकाणचा दोन महिन्यांचा अनुभव पुढच्या मोठ्या अर्जात पॉइंटरइतकाच बोलतो. मोठ्या नावाच्या मागे लागून ही दारे न ठोठावणाऱ्या विद्यार्थ्यांबद्दल मला खरोखर वाईट वाटते.

केटी, थांबलेला निकाल आणि रिव्हॅल

सर्वांत जास्त गोंधळ केटीच्या, म्हणजे नापास होऊन राहिलेल्या विषयाच्या, बाबतीत होतो, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. फॉर्ममध्ये साधारणपणे दोन वेगळे प्रश्न असतात. पहिला, सध्या किती विषय बाकी आहेत? दुसरा, आतापर्यंत कधी विषय राहिला होता का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर केटी सुटली की शून्य होते. दुसऱ्याचे उत्तर केटी सुटल्यानेही बदलत नाही. दुसऱ्या सेमिस्टरमध्ये गणित राहिले आणि पुढच्या प्रयत्नात सुटले, तर पहिल्या प्रश्नाला ‘शून्य’ आणि दुसऱ्याला ‘होय, एक, पुढच्या प्रयत्नात उत्तीर्ण’ हे उत्तर द्यायचे. दुसऱ्यालाही ‘नाही’ लिहिणारे पुष्कळ असतात. जुनी गुणपत्रिका कोण पाहणार, असे त्यांना वाटते, परंतु पुरवणी परीक्षेच्या गुणपत्रिकेवर परीक्षेचा महिना आणि वर्ष छापलेले असते आणि त्यावरून सगळे कळते. उलट, फॉर्ममध्ये फक्त पहिलाच प्रश्न असेल, तर सुटलेल्या केटीचा इतिहास आपण होऊन सांगण्याची गरज नाही. जे विचारले त्याचे पूर्ण आणि खरे उत्तर द्यावे; न विचारलेल्या गोष्टीची कबुली देत बसण्याची अपेक्षा कोणी करत नाही.

चालू केटी असताना बऱ्याच ग्रेड कार्डांवर त्या सेमिस्टरचा एसजीपीए छापलेलाच नसतो, तिथे नुसती रेघ असते. मग मुले स्वतः गणित करतात, आणि ते बहुधा फक्त उत्तीर्ण विषयांवर करतात. उदाहरणार्थ, २२ क्रेडिटच्या सेमिस्टरमध्ये ४ क्रेडिटचा एक विषय राहिला आणि उरलेल्या विषयांच्या गुणाकारांची बेरीज १२६ आली. १२६ ला १८ ने भागले की नेमके ७.०० येतात, आणि तो आकडा फार मोहात पाडणारा असतो. २२ ने भागले तर ५.७३ येतात. विद्यापीठाने या दोन्हींपैकी कोणताच आकडा दिलेला नाही, म्हणून दोन्ही लिहू नयेत. त्याऐवजी ‘तिसरे सेमिस्टर: एक विषय बाकी, एसजीपीए जाहीर नाही’ असे लिहून बाकीच्या सेमिस्टरचे आकडे वेगवेगळे द्यावेत. फॉर्म आकड्याशिवाय पुढे सरकत नसेल, तर राहिलेल्या विषयाचे शून्य धरून आलेला कमी आकडा भरावा आणि रेझ्युमेमध्ये खुलासा द्यावा. हा आकडा कठोर आहे हे मी जाणतो, पण पुढे तो बदलेल तो वरच्या दिशेनेच.

निकालच लागला नसेल, तर मागच्या सेमिस्टरपर्यंतचा सीजीपीए आणि ‘पाचव्या सेमिस्टरचा निकाल प्रतीक्षेत’ असे लिहा. अपेक्षित गुण कधीही लिहू नका, कंसातसुद्धा नाही. पुनर्मूल्यांकनाला अर्ज केला असेल, तर नवा निकाल हातात येईपर्यंत जुनाच निकाल खरा. उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी पाहून तुमची खात्री पटली असेल की गुण वाढणारच, तरीही. पुनर्मूल्यांकन चालू असल्याचे एका वाक्यात नमूद करता येईल. ते योग्यही आहे.

एखादे वर्ष गेले असेल, आजारपणामुळे, घरच्या अडचणीमुळे किंवा नापास झाल्यामुळे, तर प्रवेशाचे आणि अपेक्षित पदवीचे वर्ष दोन्ही खरे लिहा. वर्षे पुढेमागे सरकवून खंड बुजवण्याचा प्रयत्न महाविद्यालयाच्या बोनाफाईड प्रमाणपत्रासमोर टिकत नाही.

गुण लिहिलेच नाहीत तर?

रेझ्युमे हा तुमचा कागद आहे, फॉर्म हा कंपनीचा. रेझ्युमेमध्ये सीजीपीए न देता प्रकल्प आणि कौशल्ये पुढे ठेवणे यात मला गैर काही वाटत नाही. वाचणारा फार तर तो कमी असावा असा अंदाज करतो आणि हवा असेल तर विचारतो. फॉर्ममध्ये विचारले असेल, किंवा मुलाखतीत विचारले, तर मात्र उत्तर टाळता येत नाही. एक मधला मार्ग आहे आणि तो प्रामाणिकपणे वापरता येतो: मुख्य विषयांचे गुण वेगळे दाखवणे. एकूण सीजीपीए ६.५ असेल, पण डेटाबेस, डेटा स्ट्रक्चर आणि नेटवर्क या विषयांत चांगल्या श्रेणी असतील, तर एकूण आकड्याच्या खाली त्या तीन विषयांच्या श्रेणी नावांनिशी लिहा. एकूण आकडा गाळून फक्त निवडक विषयांची सरासरी ‘सीजीपीए’ म्हणून लिहिणे याला मात्र मी दिशाभूलच म्हणेन.

कमी गुणांचे कारण अर्जात द्यावे का? सांगण्यासारखे खरे कारण असेल तर दोन वाक्यांत द्यावे आणि तिथेच थांबावे. ‘पहिल्या वर्षी वडिलांच्या आजारपणामुळे उपस्थिती कमी राहिली आणि दोन विषय राहिले. ते तिसऱ्या सेमिस्टरमध्ये सुटले असून त्यानंतरचे दोन्ही एसजीपीए ७ च्या वर आहेत.’ एवढे पुरे. कारण नसेल, अभ्यासच झाला नसेल, तर कारण तयार करू नये. मुलाखतीत ‘पहिल्या वर्षी मी अभ्यासाला पुरेसा वेळ दिला नाही, त्यानंतर पद्धत बदलली’ असे शांतपणे सांगणारा विद्यार्थी मला पेपर कठीण होता, तपासणी कडक होती असे सांगणाऱ्यापेक्षा अधिक भरवशाचा वाटतो, कारण काम बिघडल्यावरही तो तसेच सरळ सांगेल असे वाटते.

आकडा आधीच चुकीचा गेला असेल तर

हा भाग ज्यांना लागू आहे त्यांनी आज रात्रीच त्यावर काम करावे. चूक कळल्यावर थांबण्यात काहीच फायदा नसतो. निवड यादी लागण्याआधी केलेली दुरुस्ती ही दुरुस्ती असते, कागद तपासताना सापडलेला फरक हा आरोप असतो. फॉर्म उघडून बदल करता येत असेल तर तो करा, आणि तरीही ई-मेल पाठवा, कारण जुना आकडा आधीच कोणाच्या तरी तक्त्यात गेलेला असू शकतो. कंपनीचा व्यवहार इंग्रजीत चालत असेल तर इंग्रजीत लिहा. आशय असा असावा:

‘आदरणीय महोदया, मी अमुक तारखेला आपल्या उन्हाळी इंटर्नशिपसाठी अर्ज केला आहे. अर्जात मी सीजीपीए ७.४ असा लिहिला होता. तो चौथ्या सेमिस्टरचा एसजीपीए आहे. चौथ्या सेमिस्टरअखेरचा माझा सीजीपीए ६.८२ आहे. चारही ग्रेड कार्ड सोबत जोडले आहेत. चुकीबद्दल दिलगीर आहे. या दुरुस्तीनंतर माझा अर्ज पात्र ठरत नसेल, तर तसे कळवावे ही विनंती.’

यात चूक कोणती, खरा आकडा कोणता आणि पुरावा काय, हे तिन्ही आहे, आणि सबब एकही नाही. दोन वर्षांपूर्वी कळव्याच्या एका मुलीने आम्हाला जवळपास असाच ई-मेल मुलाखतीच्या आदल्या रात्री पाठवला होता. त्या जागेचा कटऑफ ७ होता, म्हणून तिची मुलाखत झाली नाही आणि ते तिला दुसऱ्या दिवशी कळवले गेले. तिचा ई-मेल मी विभागप्रमुखांना दाखवला होता. सहा महिन्यांनी कटऑफ नसलेली चाचणी विभागातली जागा निघाली, तेव्हा त्यांनी तिचे नाव स्वतःहून काढले. प्रत्येक वेळी असे होईल याची हमी मी देऊ शकत नाही. काही कंपन्या दुरुस्तीनंतर अर्ज सरळ बाद करतात. पण बाद झालेला अर्ज आणि निवडीनंतर मागे घेतलेले ऑफर लेटर यांत फार अंतर आहे. ऑफर मागे घेतली जाते तेव्हा पुष्कळदा महाविद्यालयाच्या प्लेसमेंट सेललाही कळवले जाते आणि तुमच्यामागून येणाऱ्या मुलांना त्या कंपनीचे दार काही काळ बंद होते.

तपासणी कशी होते

इंटर्नशिपला कोण तपासते, असा समज आहे. लहान कंपनीत रुजू होण्याच्या दिवशी मूळ गुणपत्रिका पाहिल्या जातात किंवा डिजिलॉकरवरची प्रत मागितली जाते. मोठ्या कंपनीत हे काम बाहेरच्या पडताळणी संस्थेकडे असते आणि ती थेट महाविद्यालयाशी किंवा विद्यापीठाशी संपर्क साधते. अनेक ठिकाणी महाविद्यालयाचे ना हरकत पत्र लागते, आणि त्या निमित्ताने तुमचा अर्ज प्लेसमेंट अधिकाऱ्यांच्या नजरेखालून जातो. इंटर्नशिपच्या वेळी काही तपासले गेले नाही, तरी तोच अर्ज पुढे नोकरीच्या नोंदीत राहतो, आणि कायम नोकरीच्या वेळची तपासणी अधिक काटेकोर असते. फॉर्मच्या शेवटी ‘वरील माहिती खरी आहे, ती खोटी आढळल्यास निवड रद्द होईल’ अशा आशयाचे निवेदन असते, आणि त्याच्या पुढच्या चौकोनात तुम्ही खूण केलेली असते.

गुणपत्रिकेची पीडीएफ फाइल मोबाइलवर किंवा झेरॉक्सच्या दुकानात ‘जरा दुरुस्त’ करून देणारे लोक भेटतात. येथे मात्र गोष्ट चुकीच्या आकड्यापुरती राहत नाही. बनावट दस्तऐवज तयार करणे आणि तो खरा म्हणून वापरणे हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ आणि ३४० खाली गुन्हे आहेत, आणि फाइल दुसऱ्याने बदलून दिली होती या सांगण्याने ती पाठवणाऱ्याची सुटका होत नाही. मित्राने सुचवले, सगळेच करतात असे कोणी सांगितले, तरी त्या वाटेला जाऊ नका. तुमचे ६.५ हे तुमचे आहेत आणि ते घेऊन काम मिळते. दरवर्षी मी स्वतः असे अर्ज पुढे पाठवतो.

पाठवल्यानंतर

प्रत्येक अर्जाची नोंद ठेवा: कंपनीचे नाव, तारीख, कोणता आकडा कोणत्या स्वरूपात लिहिला, कोणते सूत्र वापरले आणि रेझ्युमेची कोणती प्रत जोडली. साधी वही चालेल. वीस ठिकाणी अर्ज केल्यावर कुठे टक्केवारी दिली आणि कुठे सीजीपीए, हे लक्षात राहत नाही, आणि मुलाखतीत तोंडून वेगळा आकडा निघाला की खरे असूनही संशय येतो. मुलाखतीला जाताना ती नोंद आणि ग्रेड कार्डांच्या प्रती सोबत असू द्या. पुढच्या सेमिस्टरचा निकाल लागला, की त्याच दिवशी मूळ कागदावरचा आकडा बदला, रेझ्युमेवरची ‘चौथ्या सेमिस्टरअखेर’ ही नोंद बदला आणि जे अर्ज अजून विचाराधीन आहेत त्या कंपन्यांना नवा आकडा कळवा, मग तो वाढलेला असो वा घटलेला.